नकाशा पाठ, फॉर्म कोरा

तुझा नागपूर ते लंडन प्रवासाचा आराखडा वाचला. चाळीस रंगीत पानं, स्पायरल बाइंडिंग, मुखपृष्ठावर तुझी स्कूटर आणि तिच्या मागे आयफेल टॉवर. पहिलं पान उलटलं. ‘दिवस पहिला : नागपूर ते मुंबई, समृद्धी महामार्गाने, एका दमात.’

समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे, शहाण्या.

७०१ किलोमीटरचा तो रस्ता तुझ्याच शहराच्या वेशीवर, शिवमडक्याला सुरू होतो. डिसेंबर २०२२ मध्ये शिर्डीपर्यंतचा टप्पा खुला झाला, जून २०२५ मध्ये शेवटचा. तिथं स्कूटर, रिक्षा, ट्रॅक्टर यांना प्रवेश नाही. हे पेपरात आलं, टीव्हीवर आलं, पानठेल्यावरही बोललं गेलं. लंडनपर्यंतचा रस्ता आखणाऱ्याला घरापासून तासाभरावर काय चालतं आणि काय चालत नाही, याचा पत्ता नाही? पहिल्याच दिवशी, पहिल्याच नाक्यावर तुला परत फिरवतील. गळ्यातले हार तसेच असतील.

चूक कुणाचीही होते, असं म्हणू नकोस. हा निव्वळ आळस आहे. दोन मिनिटांत कळलं असतं. ती दोन मिनिटं तू दिली नाहीस, कारण तुला उत्तर नकोच होतं. उत्तर मिळालं असतं तर अमरावती, अकोला, खामगाव, जळगाव, धुळे, नाशिक असा ट्रकांनी भरलेला जुना रस्ता लिहावा लागला असता. दोन दिवस लागले असते. पान इतकं देखणं दिसलं नसतं. तुला प्रवास नको, पान हवं आहे.

आता तू मान खाली घालशील आणि म्हणशील, ‘सर, पाहून राहिलो ना.’ किती दिवस पाहून राहणार आहेस? फुटाळा तलावावर बसून पाहिलंस, आयटी पार्कच्या टपरीवर पाहिलंस, तर्रीपोह्याच्या प्लेटा रिचवत पाहिलंस. मित्रांनी तुला ‘लंडन’ हे नाव ठेवलं, तेव्हा तू हसलास. तुला ते कौतुक वाटलं. ती टिंगल होती.

मी हे दुसऱ्या कुणाला बोललो नसतो. ज्याच्याच्यानं होणार नाही, त्याला मी पाठीवर हात ठेवून सोडून देतो. भूगोलात वर्गात पहिला तू. कझाकस्तानची राजधानी झोपेतून उठवून विचारली तरी सांगशील. पाना-पकड हातात धरता येते. इंग्रजी बोलतोस, हिंदी बोलतोस, हिशेब तोंडी करतोस. तुला जमतं. म्हणूनच तुझी चीड येते.

नकाशा पाठ आहे ना? मग मी नकाशाबाहेरचे चार प्रश्न विचारतो.

गाडीची आरसी कुणाच्या नावावर आहे? बाबांच्या. कर्जाचा बोजा उतरवलास? ‘हप्ते तर संपले सर.’ हप्ते संपले म्हणजे बोजा उतरला का? आरसीवर बँकेचं नाव अजून छापलेलं आहे. पीयूसी कधी संपलं? माहीत नाही. पासपोर्टची मुदत? ‘असेल ना दोनेक वर्षं.’ असेल ना! स्वतःच्या पासपोर्टवरची तारीख ज्याला अंदाजानं सांगावी लागते, तो सीमेवर कशाच्या जिवावर उभा राहणार?

चारपैकी तीन प्रश्नांना धड उत्तर नाही. चाळीस पानांत या चार गोष्टींना एक ओळ नाही. ताजिकिस्तानात याकचं दूध कुठं प्यायचं, त्याला मात्र अर्धं पान आहे.

तू सोपी अर्धी तयारी केलीस आणि कंटाळवाणी अर्धी सोडलीस. वर सांगत फिरतोस की तयारी चालू आहे. गोड तेवढं खाल्लंस, कडू तेवढं ताटाबाहेर सारलंस. एवढंच मला तुला सांगायचं आहे. बाकी जे बोलणार आहे, तो याच गोष्टीचा तपशील आहे.

बँकेकडून नाहरकत आण. फॉर्म ३५ भरून बोजा उतरव. मग फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी स्वतःच्या नावावर कर. गिरीपेठेतलं आरटीओ तुझ्या घरापासून किती लांब आहे? फुटाळ्यापेक्षा लांब नाही. तिथल्या रांगेत उभं राहायला तुला लाज वाटते का? ज्याला गिरीपेठेतल्या खिडकीपुढं दोन तास धीर धरवत नाही, तो कझाकस्तानच्या सीमेवर आठ तास कसा उभा राहणार? तिथं तर भाषाही येत नसेल.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना त्याच आरटीओतून मिळतो. फॉर्म ४-अ, हजार रुपये फी, मुदत एक वर्ष. एक वर्ष म्हणजे काय, कळलं का? उत्साहाच्या भरात आज काढशील आणि निघायला दहा महिने लावशील, तर तुर्कस्तानात पोचायच्या आत तो कागद मेलेला असेल. म्हणून आधी निघायची तारीख ठरव. तारीख म्हटली की तुझा चेहरा कसा उतरतो, ते मी पाहिलं आहे. तारीख ठरली की सबबी सरतात, ही तुझी खरी भीती.

आता कार्ने. हा शब्द तुझ्या आराखड्यात तीनदा आला आहे आणि तिन्ही वेळा चुकीचा. एके ठिकाणी तू त्याला विमा म्हटलं आहेस. कार्ने म्हणजे गाडीचा पासपोर्ट. आपल्याकडे तो मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते. १९१९ पासूनची संस्था आहे ती. चर्चगेटला तिचं कार्यालय आहे. मुदत याचीही एक वर्ष. वहीसारखा असतो. प्रत्येक पानाचे तीन भाग : एक आत येताना कस्टमवाला फाडून घेतो, एक बाहेर पडताना, आणि एक स्थळप्रत वहीत राहते. तिच्यावर दोन शिक्के हवेत, येण्याचा आणि जाण्याचा. जाण्याचा शिक्का राहिला, तर त्या देशाच्या लेखी तू गाडी तिथंच विकून आलास. मग जकात मागतात आणि ती तुझ्या अनामतीतून जाते. रात्री दोन वाजता, पावसात, झोपेनं डोळे मिटत असताना, मागे ट्रकवाले हॉर्न मारत असताना तो शिक्का नीट उमटला की नाही हे पाहायचं असतं. तू तर स्वतःच्या परीक्षेचा पेपर उलटून पाहत नव्हतास. मागचा प्रश्न राहून जायचा. ती खोड घेऊन जाणार आहेस का सीमेवर?

अनामत किंवा बँक हमी किती, हे गाडीच्या किमतीवर आणि कुठल्या देशांत जाणार यावर ठरतं. इथं डोकं चालव. दहा लाखांच्या मोटारसायकलवाल्याला जी हमी घाम फोडते, ती तुझ्या जुन्या स्कूटरला कितीतरी कमी बसते. लहान गाडीचा एवढा मोठा फायदा तुझ्या चाळीस पानांत कुठंच नाही. उलट शेवटच्या पानावर काय लिहिलंस? ‘शक्य झाल्यास मोठी बाइक घेऊन निघावे.’

म्हणजे स्कूटरची हौस दाखवायची आणि मागच्या दाराने स्कूटरलाच दोष द्यायचा. नाचता येईना अंगण वाकडं!

लहान गाडीनं काय होतं, ऐक. मैसूरचा डी. कृष्णकुमार आपल्या आईला घेऊन जानेवारी २०१८ मध्ये निघाला. गाडी कुठली? वडिलांनी दिलेली, २००० सालची बजाज चेतक. आई सत्तरीच्या घरातली. सगळा भारत हिंडले, नेपाळ, भूतान आणि म्यानमारही करून आले. गियरची, दोन माणसं बसलेली जुनी स्कूटर. इटलीचा जॉर्जो बेत्तिनेल्ली १९९२ मध्ये १२५ सीसीच्या व्हेस्पावर रोमहून निघाला आणि सात महिन्यांत व्हिएतनामच्या सायगॉनला पोचला. वाटेत भारतही होता. पुढं त्यानं त्याच जातीच्या गाडीवर अलास्का ते अर्जेंटिनाचं टोक गाठलं. तुझ्या गाडीचं इंजेक्शनवालं इंजिन त्यांच्या इंजिनापेक्षा शहाणं आहे. कमी पडतोय तो वर बसलेला.

पण लहान गाडी म्हणजे काहीही चालेल, असंही नाही. तिचे नियम आहेत. ते तुला पाठ हवेत. टाकी सव्वापाच लिटरची. भरल्या ओझ्यानं पंचेचाळीसचं ॲव्हरेज धर. साधारण दोनशे पस्तीस किलोमीटरला टाकी कोरडी. तुझ्या आराखड्यात पामीरमधला एक दिवस तीनशे दहा किलोमीटरचा आहे आणि वाटेत पेट्रोलपंप दाखवलेला नाही. स्कूटर ढकलत नेणार का? त्याच रस्त्यावर अक-बैतालची खिंड आहे, ४,६५५ मीटर. तिथं हवा विरळ. इंजिनाची तिसऱ्या हिश्श्याहून अधिक ताकद जाते. आधीच तुझं इंजिन किती घोड्यांचं? वर तू मागे किती बांधणार? तंबू, स्टोव्ह, ड्रोन, दोन कॅमेरे, आणि आईनं दिलेला चिवडा. चिवडा ठेव. ड्रोन काढ. ड्रोन न्यायला बंदी असलेले देश आहेत, त्यांतले कुठले तुझ्या वाटेवर आहेत ते तपासलंस का? नाहीच तपासलं.

मागच्या रविवारी तुला गाडीच्या पट्ट्याचं कव्हर उघडायला लावलं, आठवतं? आठ नंबरच्या टी-पान्यानं सगळे बोल्ट काढायला तुला पाऊण तास लागला. एक बोल्ट गोल केलास. आतून काळी भुकटी पडली. पट्ट्याच्या आतल्या दात्यांमध्ये चिरा होत्या. सहा रोलरपैकी चार एका बाजूनं चपटे झालेले. गाडी सुटताना गचके देते, पन्नासच्या पुढं गुरगुरते, असं तू महिनाभर सांगत होतास आणि ‘पेट्रोल खराब असेल’ म्हणून मोकळा होत होतास. पेट्रोल खराब नव्हतं. पट्टा साधारण २४,००० किलोमीटरला बदलायचा असतो. तुझ्या मीटरवर किती होते? एकतीस हजार. म्हणजे तो पट्टा आज गोंदिया रोडवर तुटला असता, तुर्कमेनिस्तानच्या वाळवंटापर्यंत वाट पाहिली नसती.

पट्टा आणि रोलर घेऊन निघ. ब्रेक शू घे, ॲक्सिलरेटरची केबल घे, प्लग घे, एअर फिल्टर घे. ट्यूबलेसचा पंक्चर किट आणि हातपंप घे. मागचं चाक दहा इंची आहे. त्या मापाचा टायर प्रत्येक गावात मिळेलच या भरवशावर राहू नकोस. हे सगळं मिळून एका शेल्फचा माल आहे. पण विकत घेऊन भागत नाही. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीकडं चार शनिवार बस. चहा तू पाज, गाडी तूच खोल, तूच लाव. त्याला हात लावू देऊ नकोस. अंधारात मोबाइलच्या उजेडात पट्टा बदलता आला पाहिजे. तुला हे सांगायला लागावं? इंजिनीअर म्हणवतोस ना?

पुढचा मुद्दा, रस्ता. ‘पाकिस्तान–इराण–तुर्कस्तान’ असं तू बिनधास्त लिहिलं आहेस. कुठल्या सालातला पेपर वाचतोस? एप्रिल २०२५ मध्येच अटारीचा नाका बंद झाला. पूर्वेला म्यानमारमध्ये फेब्रुवारी २०२१ ला लष्करानं सत्ता घेतली. तेव्हापासून तो जमिनीवरचा रस्ता भरवशाचा राहिला नाही. उत्तरेला नेपाळमधून तिबेट. त्या वाटेवरचा रसुवागढीचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला. चीनमध्ये तुझा आंतरराष्ट्रीय परवाना चालत नाही. तात्पुरता परवाना, तात्पुरती नंबरप्लेट, एजन्सी, आधी ठरवलेला मार्ग आणि सोबत गाइड, हे सगळं लागतं. तो खर्च एकट्याला झेपत नाही, म्हणून लोक गट करून जातात. तू गट शोधलास का?

आता म्हणू नकोस की सगळे रस्ते बंद आहेत, मग सर, जायचं कसं. तुझ्या तोंडावर ही सबब आत्ताच आली, मला दिसली. रस्ते बंद असतात म्हणूनच तर आखणी करतात. उघड्या रस्त्याला आखणी कशाला लागते? जहाजानं गाडी आखाती देशात उतरवता येते. मोंबासाला उतरवून आफ्रिका खाली उतरता येते. केनियानं जानेवारी २०२४ पासून व्हिसा काढून टाकला, ऑनलाइन परवानगी घेतली की झालं. पिवळ्या तापाची लस घे. दाखला लस टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो, पुढं आयुष्यभर चालतो. इराणचं म्हणशील, तर तिथली स्थिती महिन्यागणिक बदलते. परराष्ट्र मंत्रालय काय सूचना देतं ते निघण्याच्या आदल्या महिन्यात वाच आणि तिच्याबाहेर जाऊ नकोस. धाडस आणि आगाऊपणा यांतला फरक तुला कळतो, मला माहीत आहे. उगाच न कळल्यासारखं करू नकोस.

दोन मार्ग कागदावर तयार ठेव. एक बिघडला तर दुसरा. एकच मार्ग आखणारा माणूस मनातून तो बिघडावा अशीच वाट पाहत असतो. बिघडला की घरी बसायला मोकळा.

पैसे. ‘स्पॉन्सर मिळाला की निघतो.’ कोण देणार स्पॉन्सर? कशाबद्दल? चाळीस पानांबद्दल? २५,००० किलोमीटरला पंचेचाळीसच्या हिशेबानं साडेपाचशे लिटर पेट्रोल लागतं. हा हिशेब तोंडी येतो तुला. मांडलास का? पेट्रोल ही या प्रवासातली सर्वांत किरकोळ बाब आहे. व्हिसे, कार्ने, जहाज, विमा, राहणं, हे खरे खर्च. आपल्या गाडीची पॉलिसी भारतात चालते. जादा हप्ता भरला तर नेपाळ-भूतानपर्यंत नेता येते. पुढं प्रत्येक ठिकाणी सीमेवर नवा विमा घ्यावा लागतो. युरोपात त्याशिवाय चाक फिरवू देत नाहीत. शेंगेन व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा. त्यात तू सव्वीस देश बसवले आहेस. नव्वद दिवसांत सव्वीस देश! गाडीवरून उतरणार आहेस की नाही?

आणि नवा मोबाइल ऐंशी हजारांचा घेतलास. हप्त्यावर. हप्ता भरता येतो आणि कार्नेची अनामत साठवता येत नाही? ‘पैसा नाही’ असं पुन्हा माझ्यापुढं म्हणायचं असेल, तर तो मोबाइल खिशात ठेवून म्हणू नकोस.

वेळ. दिवसाला दोनशे किलोमीटर धर. स्कूटरला तेवढे पुष्कळ. ताशी चाळीसची सरासरी, पाच तास खोगीरावर. २५,००० किलोमीटर म्हणजे सव्वाशे दिवस नुसते चालवण्याचे. वर व्हिसाची वाट, दुरुस्ती, पोट बिघडणं, पाऊस, कंटाळा. सात-आठ महिने. तू आराखड्यात लिहिलेत पंच्याण्णव दिवस. साहेबाकडं रजा तेवढीच मागायची हिंमत आहे म्हणून भूगोलच आखडलास? पामीर जून ते सप्टेंबरमध्येच धड चालतो. त्यावरून निघायचा महिना मागे मोजत यायचा असतो. नागपुरातून मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत निघशील, तर चालेल की नाही हे कुणाला विचारतोस? मागच्या मे महिन्यात दुपारी बारा वाजता तू कधी बाहेर पडलास का? एसीत बसून तुर्कमेनिस्तानच्या उन्हाबद्दल वाचत होतास.

घरचे नाही म्हणतात, हेही आहेच तुझ्या यादीत. घरच्यांना तू विचारलंस का? खरोखर समोर बसून, तारीख सांगून, पैशाचा कागद पुढं ठेवून? की जेवताना एकदा बोललास, बाबांनी ‘हं’ केलं, आणि त्या ‘हं’चा नकार करून घेतलास? आईबाबांच्या आडून लपणारा मुलगा तू नव्हतास. त्यांना फुकट बदनाम करू नकोस. तुझी तयारी पाहून बाबा गाडी तुझ्या नावावर करून देतील. तुझी पानं पाहून नाही करणार, आणि त्यात त्यांचं चुकलं असंही मी म्हणणार नाही.

आता मोठ्या माणसांची नावं घेऊ. कारण तुझी शेवटची सबब हीच असते : ‘ते लोक वेगळे असतात सर.’

१५ ऑक्टोबर १९२३ ला मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलींवर निघाले. मोबाइल नव्हता, नकाशे धड नव्हते, वाळवंटात रस्ते नव्हते. आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगारा हे तिघं मार्च १९२८ मध्ये सारं जग फिरून परतले. ७१,००० किलोमीटर. निघताना ते काही ‘वेगळे’ नव्हते, व्यायामशाळेतली पोरं होती. परभणीचा विष्णुदास चापके पत्रकार. २०१६ मध्ये निघाला, २०१९ मध्ये परतला, पस्तीस देश करून. परभणी नागपूरहून किती मोठी आहे, सांग बरं? पुण्याची वेदांगी कुलकर्णी. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून सायकलवर निघाली. १५९ दिवसांत २९,००० किलोमीटर. स्पेनमध्ये चाकूच्या धाकानं तिला लुटलं, कॅनडात अस्वल मागे लागलं. प्रवास संपला तेव्हा वय वीस. तुझं किती?

अरे, ती पेडल मारत होती. तुला तर नुसता कान पिळायचा आहे. गाडीचा म्हणतोय. तुझा मी पिळतोच आहे.

आणि मुंबईचा योगेश आळेकरी. १ मे २०२५ ला मोटारसायकलवर निघाला, सतरा देश आणि चोवीस हजारांहून अधिक किलोमीटर करून इंग्लंडला पोचला. २८ ऑगस्टला नॉटिंगहॅमच्या वॉलटन पार्कमध्ये नाश्त्याला थांबला आणि तेवढ्यात गाडी चोरीला गेली. पासपोर्टसकट. तू ही बातमी ग्रुपवर टाकलीस आणि खाली लिहिलंस, ‘बघा, किती धोका आहे!’ यातून तुला हेच शिकता आलं? चोवीस हजार किलोमीटर त्याला कुणी अडवू शकलं नाही, हे तुला दिसलं नाही. पासपोर्ट, कार्ने आणि पैसे अंगावरच्या पट्ट्यात ठेवायचे, गाडीवर कधीच नाही, दोन झेरॉक्स वेगळ्या, एक प्रत घरी, हा धडा तुला दिसला नाही. दिसली ती घरी बसायची सोय. दुसऱ्याच्या संकटावर आपल्या आळसाचं पांघरूण घालतोस? त्याची गाडी गेली, तुझी तर अजून निघालीच नाही.

चॅनेलचं नाव ठरलं म्हणे. लोगो झाला, टी-शर्ट छापले. स्टिकर तर गाडीवर लावूनही टाकलेस : ‘नागपूर टू लंडन’. धरमपेठेत सिग्नलला लोक वळून बघतात, आणि तू खूश. न केलेल्या कामाची शाबासकी आगाऊ खाऊन बसलास. पोट भरलं. आता भूक कुठून लागणार? तो स्टिकर आज काढ. हळूच, रंग निघणार नाही असा. परत आलास की लाव. तेव्हा मी स्वतः चिकटवून देईन.

तुला वाटतं, मी तुला परावृत्त करतोय. उलट आहे. जायला हवं तुला. या शहरात झिरो माइलचा दगड आहे, उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे महामार्ग इथंच एकमेकांना ओलांडतात, ४४ आणि ५३. इथून कुठंही जाता येतं. आणि इथली पोरं वर्षानुवर्षं त्याच दगडाजवळ फोटो काढून घरी परततात. तू त्यांतला होऊ नयेस, एवढ्यासाठी ही झोडपणी आहे. जो कामाचा नाही, त्याच्यावर मी माझा आवाज खर्च करत नाही.

म्हणून आता चाळीस पानं बाजूला ठेव. एक कागद घे. वर निघण्याची तारीख लिही. खाली तारखेपासून मागे मोजत कामं लिही, प्रत्येकापुढं शेवटचा दिवस.

पहिलं काम, बोजा आणि आरसी. दुसरं, पासपोर्टचं नूतनीकरण. ऑफिस नागपुरातच आहे, मुंबईचं भाडंही पडत नाही. मुदत सहा महिन्यांहून कमी उरली की कित्येक देश दारातूनच परत पाठवतात, कोरी पानंही मोजतात. तिसरं, मिस्त्रीकडचे शनिवार. चौथं, पूर्ण ओझं बांधून चिखलदरा. परतवाड्याच्या पुढचा घाट चढ. हजार-अकराशे मीटरचीच उंची आहे, पण तेवढ्यातही कळेल की मागचं ओझं किती ओढतं, पुढचं चाक कसं हलकं पडतं आणि उतारावर ब्रेक कुठं जळतात. परत आलास की निम्मं सामान आपोआप घरी राहील.

पाचवं, नेपाळ. जबलपूर, प्रयागराज, गोरखपूर, सोनौली. हजारभर किलोमीटर. सोनौलीला गाडीचा भन्सार, म्हणजे नेपाळची जकात, भर, स्वतःच्या हातानं, दलालाला पैसे न देता. परक्या देशाच्या कस्टमवाल्यासमोर कागद काढताना हात थरथरतात का, ते तिथं बघ. काठमांडूपर्यंत जा आणि परत ये. रोजचा खर्च लिही, रोजचे किलोमीटर लिही, रोज काय बिघडलं ते लिही. ही वही घेऊन मुंबईला असोसिएशनच्या कार्यालयात जा आणि कार्नेचा अर्ज मांड. जगाची गोष्ट त्यानंतर करू.

यातलं काय अवघड आहे? बोल ना. काहीच नाही. कंटाळवाणं आहे, एवढंच. आणि जग फिरायचं म्हणजे बहुतेक वेळ कंटाळवाणंच असतं. रांगा, शिक्के, गळका रेनकोट, पुन्हा रांग. सूर्यास्त पाच मिनिटांचा असतो, त्याआधीचे पाच तास कागदाचे आणि टायरचे. ज्याला ते पाच तास सोसवत नाहीत, त्यानं सूर्यास्त फुटाळ्यावरच पाहावा. तिथला काही वाईट नाही.

सोमवारी सकाळी आरटीओ उघडतं. फॉर्म आज रात्री भर. बाबांची सही आज रात्री घे. आणि मला देशांची नावं सांगायला येऊ नकोस, मला ती तुझ्याआधीपासून पाठ आहेत. आरसीवर तुझं नाव छापून आलं की ये.